वाघदेव मी हलवला

माझ्या कादंबरीतलं एक पान खोटं आहे, आणि त्या पानापायी माझ्या आत्याची जमीन जायची वेळ आली आहे. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगवायची मला फार हौस होती. आता ती पुरती फिटली.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. गंजाडच्या एका पाड्यावर विधवा सुनेसोबत राहते. उतारावरच्या ज्या तुकड्यात दोघी नाचणी-वरई लावतात, तो आत्याने आणि माझ्या बापाने सावकाराची वेठ संपल्यावर हातांनी साफ केलेला. कागदावर मात्र ते जंगल. वनहक्काचा दावा मंजूर व्हायचा तर गावातल्या जुन्या माणसाने ग्रामसभेपुढे सांगायचं, कुठून कुठपर्यंत कसत होतो आणि खूण काय. आमची खूण म्हणजे वाघदेव, शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड. त्याला नारळ दिल्याशिवाय तिथलं गवत कोणी कापत नसे. त्या काळचं साक्षीला पुरेल असं माणूस आता आत्या एकटीच उरली आहे.

वाघदेव होता खाली, ओहोळाच्या काठी, बांबूच्या बेटात. मी लहानपणी पाहिलाय. पुढे एका पुरात तो वाहून गेला. कादंबरीत मी त्याला उचलून टेकडीच्या माथ्यावर बसवलं. का, तर तिथे उभ्या राहिलेल्या बापाला लांबवर दर्या दिसावा म्हणून. वेठीतून सुटलेला माणूस खाली चिखलात उभा असला तर सुटल्यासारखा दिसत नाही, असं मला डहाणूच्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून वाटलं. आणि वर हेही लिहिलं, की हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तलासरीला एका कार्यक्रमात ते पान वाचलं तेव्हा लोक रडले. पाड्यावरून टेम्पो भरून माणसं आली होती. मग पुस्तक पाड्यावर गेलं. सून शिकलेली, ती आत्याला वाचून दाखवायची. पहिल्यांदा आत्या हसली. "असा कदी व्हता रे?" म्हणाली. पुढच्या वर्षी हसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती स्वतःच पाहुण्यांना सांगायला लागली, की भाऊ माथ्यावर वाघदेवापाशी कसा उभा राहिला आणि दर्या बघून कसा रडला. मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता.

आमच्या जमिनी कागदाने गेल्या. त्यामुळे तोंडच्या शब्दापेक्षा कागद खरा, हे आमच्या हाडात बसलंय. त्यात हा कागद तर घरच्याच पोराने लिहिलेला. त्यावर संशय कोण घेणार?

गेल्या महिन्यात ग्रामसभेत आत्या काठी टेकत उभी राहिली. दाव्याच्या नकाशात शीव ओहोळापाशी. आत्या म्हणाली, "वाघदेव माथ्यावर व्हता. तिथून आमचा." माथ्यावर नुसता कातळ. तिथे नांगर सोडा, कुदळसुद्धा लागणार नाही. दावे तपासणाऱ्या समितीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी उठून ओरडलोच, "तसं नाही, ते मी मनाने लिहिलंय!" तर पाड्यावरचे सगळे एका सुरात म्हणाले, माथ्यावरच. एकाने माझंच पुस्तक पुढे धरलं. "मास्तर, इथं तुमीच लिवलंय, डोळ्यांनी पायलं." सगळे आमच्याच बाजूने बोलत होते आणि दावा बुडत होता. समितीने भलेपणा दाखवला. पुढच्या बैठकीत जबाब पुन्हा घेऊ म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी आत्याला ओहोळावर नेलं. अर्धा रस्ता पाठीवर घेऊन. "इथे होता दगड, आत्या. आठव ना." तिने ओहोळाकडे पाहिलं. "इथं ढोरा पाणी पितात," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू सभेत खोटा का बोललास? कोणी सांगितला तुला?" मी तिथेच खडकावर बसून रडलो.

आता रोज शाळा सुटली की एसटीने गंजाडला जातो आणि आत्याकडून खरं पाठ करून घेतो. वाघदेव खाली. ओहोळाच्या काठी. बांबूत. ती म्हणते, अडखळते, पुन्हा माथ्यावर चढते. मी आवाज चढवतो, सून मान फिरवते. खोटं तिच्या मनात घालायला मला काही कष्ट पडले नव्हते. खरं मात्र काही केल्या बसत नाही.

परवा बैठक आहे. काल आत्याने सगळं न चुकता म्हटलं, एकेक शब्द, खाली मान घालून. जन्मापासून मला अरे-तुरे करणारी, माझं नाक पुसलेली बाई. म्हणून झाल्यावर तिने माझ्यापुढे हात जोडले आणि विचारलं, "बराबर बोलली ना, साहेब?"