माझ्या मापाची कुबडी

आईने आमच्या घरात कधी कुबडी येऊ दिली नाही. मी नुकती चालायला लागले होते तेव्हा तापात माझा डावा पाय गेला. पोलिओ. आमचं कुटुंब नांदेडकडची शेती भावकीवर सोपवून हैदराबादला आलं होतं, वडील इथल्या एका कचेरीत लागले होते आणि चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत आमचा संसार होता. मी शाळेत जायला लागले तेव्हा वडिलांनी एक लाकडी कुबडी आणली, काखेत धरायची. आईने ती त्याच संध्याकाळी परत करायला लावली.

"हातात काठी आली की लोक पोरीच्या आधी काठी बघतील," ती म्हणाली. "उद्या हिचं लग्न व्हायचंय."

लग्न झालं नाही. कुबडीही आली नाही.

मग मी चालायचे कशी, असं कुणी विचारलं तर सांगते. डावा तळहात डाव्या मांडीवर दाबायचा, कमरेत वाकायचं, हाताच्या जोराने गुडघा मागे ढकलायचा आणि तो ढकललेला असतानाच उजवं पाऊल पुढे टाकायचं. मग पुन्हा तेच. माझ्या सगळ्या कुर्त्यांचा रंग डाव्या मांडीवर आधी विटायचा. वाकून चालणाऱ्या माणसाला समोरचं फारसं दिसत नाही, जमीन दिसते. मला गल्लीतली माणसं चेहऱ्यांच्या आधी चपलांवरून ओळखू यायची.

पुढे मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला लागले. एक हात मांडीवर, एका हातात खडू. फळ्यावरून वळले की मागच्या बाकावरच्या कुणाचा तरी हात स्वतःच्या मांडीवरून घाईने उचलला जायचा. मी अवघड गणित त्यालाच घालायचे.

आईची मात्र ठाम समजूत होती की हे सगळं झाकलं जातं. "तुला बघून कळतसुद्धा नाही," ती म्हणायची. अख्ख्या गल्लीला कळत होतं. रस्त्यावर ती माझा उजवा दंड धरून चालायची. वडील गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, तिची सत्तरी उलटली, तरी तिने धरलेला दंड सोडला नाही. मी कधी काठीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असायचं. "मी आहे ना? मग काठी कामून पाहिजे?"

पन्नाशीच्या आसपास माझा पाय आणखी थकला. मी अधूनमधून पडायला लागले. एकदा कॉलेजच्या व्हरांड्यात, एकदा स्वयंपाकघरात. आईला वाटे, मी लक्ष देऊन चालत नाही.

मग एका सकाळी आम्ही दोघी भाजीला गेलो. बाजारात नुकतंच पाणी मारलं होतं, रस्त्यावर कोबीची पानं पडलेली. मागून स्कूटरचा हॉर्न वाजला, मी दचकले आणि तळहात मांडीवरून निसटला. गुडघा दुमडला. आईने मला सोडायला हवं होतं, पण तिने दंड आणखी घट्ट धरला. मी पडले आणि तीही पडली, तिचा हात माझ्याखाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिने तोंडातून आवाज काढला नाही. नंतर म्हणाली, "तुला लागलं का गं?"

ऑटोत बसल्यावर मला तिचा राग आला होता. दुखऱ्या हातावर पदर घेऊन, ओठ दाबून बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा राग येणं बरं नव्हे, पण आला. माणसाने माणसाची कुबडी व्हायचं ठरवलं की दोघं एकदम पडतात, हे मला त्या ऑटोत स्वच्छ दिसलं.

हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या मनगटाला प्लास्टर घातलं. आम्ही निघालो तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले.

"आणि तुमचा पाय कोण बघतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तिला काही नाही हो," आई मध्येच म्हणाली. "पाय जरासा कमी आहे, एवढंच."

"अम्मा, जरासा नाही," डॉक्टर म्हणाले. "आज तुमचं मनगट गेलं. उद्या हिच्या खुब्याचं हाड जाईल. मग हिला कोण धरणार?"

त्यांनी मला शेजारच्याच विभागात पाठवलं, जिथे लोकांना पुन्हा चालायला शिकवतात. आई बाहेर बाकावर बसून राहिली, आत आली नाही.

तिथली बाई माझ्याहून बरीच लहान होती, तेलुगू घरातली, माझ्याशी हिंदीत बोलायची आणि घाई झाली की तेलुगूत. तिने पायासाठी एक हलका कॅलिपर लिहून दिला, सलवारीच्या आत बसेल असा, म्हणजे गुडघा दुमडणार नाही. मग तिने कुबडी काढली. ती काखेतली नव्हती. ॲल्युमिनियमची नळी, मध्ये हाताला मूठ, वर कोपराच्या खाली बसणारं एक अर्धगोल कडं आणि खाली जाड रुंद रबर. तिथे तिला एल्बो क्रच म्हणत. मी कुबडीच म्हणते. तो शब्द आमच्या घरात इतकी वर्षं दबक्या आवाजात उच्चारला गेला की मी तो आता मुद्दाम मोठ्याने म्हणते.

"सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा," ती म्हणाली. माझ्या मनगटाच्या घडीपाशी मूठ येईल इतकी तिने नळी खाली केली आणि खिटी भोकात बसवली. "आता मूठ धरा. कोपर थोडं वाकलं पाहिजे. उंच झाली तर खांदा वर चढेल, बुटकी झाली तर तुम्ही पुन्हा वाकाल. वाकायचं नाही."

मी कुबडी डाव्या हातात घेतली, कारण डावा पाय अधू. ती हसली. "दुसऱ्या हातात."

मला ते उलटं वाटलं. तिने चालून दाखवलं. डावा पाय आणि उजव्या हातातली कुबडी दोन्ही एकदम पुढे जातात, म्हणजे अधू पायावर भार येतो त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा हात जमिनीवर टेकलेला असतो आणि शरीर त्या दोहोंच्या मधोमध तोललं जातं. जन्मभर मुलांना त्रिकोण शिकवलेल्या बाईला हे एकदा सांगितलं की पुरे. मी दोन समांतर दांड्यांच्या मधून चालले. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," ती सांगत होती, सावकाश. पण माझी चूक घाईची नव्हती. माझा डावा हात सवयीने मांडीकडे जात होता आणि ती दर वेळी तो उचलून बाजूला करत होती.

खोलीच्या टोकाला मोठा आरसा होता. त्यात मी सरळ उभी होते. मी इतकी उंच आहे हे मला माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. ही वस्तू अवघड नव्हती, दुर्मीळ नव्हती. एक नळी, एक मूठ, एक रबर. एवढ्यासाठी मी जन्मभर जमीन बघत चालले होते.

काही आठवडे मी तिथे जात राहिले. जिने शिकले. चढताना आधी धड पाय, उतरताना आधी कुबडी आणि अधू पाय. कड्यामुळे हात मोकळा सोडला तरी कुबडी हाताला लटकून राहते, म्हणून कठडा धरता येतो, पर्स उघडता येते, हे शिकले. कॅलिपर तयार झाला, आणि एका संध्याकाळी मी माझी कुबडी घेऊन घरी आले.

आई दारात होती. हात अजून प्लास्टरमध्येच.

"ते बाहेर ठेव," ती म्हणाली. "चपलांपाशी."

"नाही ठेवणार."

"लोक काय म्हणतील?"

"जे आजवर म्हणत आले तेच म्हणतील. फक्त आता मी पडणार नाही."

"मी तुला इतकी वर्षं सांभाळलं ते हे बघायला?"

"तू सांभाळलंस," मी म्हटलं. "आणि तुझं मनगट मोडलं. मला आता तुझा हात नको, आई. मला ही पाहिजे."

ती आत गेली. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी कुबडी हॉलमध्ये खुर्चीला टेकवून ठेवायचे, कुणी यायचं असलं की आई तिच्यावर टॉवेल टाकायची. मी टॉवेल काढायचे. ती टाकायची, मी काढायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा काढला.

कॉलेजात पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाचे डोळे कुबडीवर होते. मी टेबलापाशी गेले, कुबडी उचलून दाखवली आणि म्हटलं, "ही कुबडी. पाहून घ्या. दोन मिनिटं देते." त्यांनी पाहिलं. एका मुलीने विचारलं, उंची कमीजास्त होते का. मी खिटी दाबून दाखवली. मग आम्ही गणिताला लागलो.

खरी लढाई पुढे होती. मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा एका फंक्शन हॉलमध्ये होता. आई सकाळीच म्हणाली, "ते गाडीत ठेवून ये. माझ्यासाठी." मी मरून रंगाची साडी नेसले, जरा वर, म्हणजे निऱ्या रबराखाली येणार नाहीत, आणि कुबडी घेऊन उतरले.

हॉलची फरशी संगमरवरी, वर गुलाबाच्या पाकळ्या. माझ्या पुढे चालणारी एक धडधाकट बाई घसरता घसरता वाचली. माझं रबर जमिनीला धरून राहिलं. मामी लगबगीने आली.

"अगं, आजच्या दिवशी तरी," ती हळूच म्हणाली. "सासरची माणसं बघतायत. त्यांना वाटेल आपल्या घरात काही... तू इकडे कोपऱ्यात बस ना, मी ताट इथेच आणते."

"मामी, आपल्या घरात पोलिओ झाला होता. मला. ते लपवून मुलीचं लग्न होणार असेल तर त्यांना आत्ताच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको."

मी स्टेजकडे निघाले. स्टेजला पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दोन-तीन पुरुष दंड धरायला पुढे झाले. "राहू द्या," मी म्हटलं, "तुम्ही धरलं तर मी पडेन." ते खरंच होतं. धड पाय, मग अधू पाय आणि कुबडी. मी वर पोचले. मुलीने वाकून नमस्कार केला तेव्हा मी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. आजवर मी कुणाला सरळ उभं राहून आशीर्वाद दिलाच नव्हता, तो हात नेहमी मांडीवर असायचा.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, वो लकडी जरा साइड में रखो ना, फोटो अच्छा आता."

"नक्को," मी म्हटलं. "फोटो में वो भी आना. ठीक से लो."

त्याने घेतला. खाली आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढंच म्हणाली, "मामी दुखावली."

"हो," मी म्हटलं. "मीही पुष्कळदा दुखावले."

तिने कधी माफी मागितली नाही, मीही नाही. तिला कुबडी आवडली असंही कधी झालं नाही. पण टॉवेल टाकणं थांबलं, कधी ते माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा मी कॉलेजला निघाले असता ती मागून म्हणाली, "त्याचं रबर एका बाजूने घासलंय. बदलून घे. आज फरशी ओली आहे." मी पाहिलं, खरंच झिजलं होतं. त्याच दिवशी नवं बसवून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात मसाल्याची वेळ आली. दरवर्षी आई शेजारणीला सांगून बेगम बाजारातून मिरची आणवायची, माझं तिथे काम नाही असं ठरलेलंच होतं. या वेळी मी पाठीवर पिशवी अडकवली आणि एकटी गेले. हातगाड्या, पोती, हमालांची हाक, नाकात चढणारा मिरचीचा खकाणा. एका हमालाने "अम्मा, बाजू" म्हणून ओरडून मला वाट द्यायला लावली, जशी इतरांना लावत होता, आणि मला ते बरं वाटलं. एका दुकानदाराने विचारलं, "पांव को क्या हुआ?" मी म्हटलं, "पोलिओ. मिरची दिखाओ." मी कुबडी हाताला लटकू दिली, दोन्ही हातांनी मिरच्या मोडून पाहिल्या, वास घेतला, एक ढीग नाकारला, दुसरा घेतला. मान वर केली तर दुकानांवरच्या मजल्यांना निळ्या खिडक्या होत्या, गॅलरीत कुणी कपडे वाळत घालत होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. कुणी धक्का दिला तर कुबडी जरा रुंद टेकवायचे, बस.

घरी आले तेव्हा दंड भरून आला होता, कडं रुतून हातावर लाल वळ उठला होता. दुखतं, दुखत नाही असं मी म्हणणार नाही. आईने पिशवी उघडली, एक मिरची तोडून बी पाहिलं, नाकापाशी नेली.

"कुणी निवडली?"

"मी."

तिने मिरच्या परातीत ओतल्या आणि देठं काढायला बसली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी धने पण बघून आण. शेजारीण आणते ते जुने असतात."