ओहोटीचं मैदान

केरकेना बेटावर मैदान असं नाहीच. ओहोटी लागली की समुद्र झोपेत कूस बदलावी तसा हळूच मागं सरतो, आणि म्हाताऱ्या अम्मारनं मासे अडवायला रोवलेल्या खजुरीच्या झावळ्यांच्या कुंपणाआड सपाट वाळू उघडी पडते. तेच त्याच्या लेकीचं, नजियाचं मैदान. घोट्याएवढं पाणी मागं राहिलेलं असतं, त्यात आभाळ उतरलेलं असतं, आणि ती पळायला शिकवते त्या गावच्या पोरी त्या आभाळावरून पळत असतात.

"माशांच्या जागेत पोरी पळवतेस," अम्मार लेकीला म्हणायचा. "मासेसुद्धा आता धापा टाकत येतात."

"कुंपण जरा सरकवा ना, बाबा. पोरींना वळायला जागा नाही."

"माझ्या आजानं ठरवलेली जागा आहे ती. हलायची नाही."

नजियाला प्रशिक्षकाचा परवाना हवा होता. त्यावाचून पोरींना बेटाच्या नावानं शर्यतीत उतरता येत नव्हतं. परीक्षा समुद्रापलीकडं, सफाक्स शहरात. आपल्या हाताखालची एक मुलगी धावायला लावून दाखवायची, चूक निघाली तर तिथल्या तिथं सुधारायची.

पोरींपैकी दोरसाफला घेऊन ती सकाळच्या बोटीनं गेली. तिथली धावपट्टी तांबडी, कोरडी ठणठणीत. शिट्टी वाजली, दोरसाफ सुटली. पोरगी गुडघे छातीशी आणत, पाऊल उंच उचलून अलगद टाकत होती. नसलेल्या पाण्यातून पळत होती.

"बेटावरनं बगळा आणलाय वाटतं," कठड्यापाशी कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

बेटावर सगळेच असे पाय उचलतात. त्यामुळं नजियाला ते आजवर कधी दिसलंच नव्हतं.

"सुधारा," परीक्षक म्हणाला.

दोरसाफ मान खाली घालून उभी होती. नजिया तिच्याजवळ गेली. गुडघे, टाचा, खांदे, शिकवायचं सगळं ओठांवर आलं आणि तिथंच विरलं. तिनं पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी थोडकंच सांगितलं. दोरसाफनं पायांकडं पाहिलं, मग लांबवर पाहिलं. या वेळी ती पळाली ती कोरड्या वाळूवरून वारा सरकतो तशी. कठड्यापाशी कुणी हसलं नाही.

"काय सांगितलंत तिला?" परीक्षकानं विचारलं.

"पाणी उतरलंय म्हटलं. पार कुंपणापर्यंत."

परीक्षकानं वहीत काहीतरी टिपलं. "आणि भरती आली की?"

"मग पुन्हा सांगेन."

"रोज सांगावं लागेल, बाई."

"रोजच तर जाते मी वाळूवर."

तो हसला. "परवाना घेऊन जा. शर्यतीच्या यादीत बेटाचं नाव घालतो."

संध्याकाळी धक्क्यावर अम्मार उभा होता. लेकीचा चेहरा त्यानं नीट न्याहाळला. "आता मासेसुद्धा तुलाच विचारून येतील," तो पुटपुटला.

सकाळी पाणी उतरलं तेव्हा नजिया वाळूत थबकली. धुक्यात म्हातारा कुंपणापाशी गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि एकेक झावळी उपटून पलीकडं रोवत होता.