बाबांना माझा ब्लफ कळतो

आज दुपारी डोंबिवलीला बाबांकडे पोकर हरले आणि अजून मन तिथेच अडकलंय.

बाबा रिटायर झाले तेव्हा मीच त्यांना हा खेळ शिकवला. चिप्सच्या जागी चिंचोके. दर रविवारी मी त्यांची बरणी रिकामी करायचे, कारण कितीही फालतू पानं आली तरी ते शेवटपर्यंत खेळायचे. "आलेली पानं टाकवत नाहीत गं," म्हणायचे.

हल्ली मात्र बरोबर टाकायला लागलेत. आज तर म्हणाले, "नुसत्या चिंचोक्यांत मजा नाही. आता जो हरेल त्याने एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं."

माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी मी रुबाबात सगळे चिंचोके पुढे सरकवले. बाबांनीही सरकवले. त्यांच्याकडे फक्त सत्तीची जोडी होती, आणि तेवढ्यावर ते जिंकले!

"तुम्हाला कसं कळलं?"

"खोटं बोलताना तू कानातलं फिरवतेस. शाळेत होतीस तेव्हापासून."

मग त्यांनी प्रश्न विचारला, "टिटवाळ्याला बरी आहेस ना गं?"

घटस्फोटानंतर मी तिथे एकटीच राहते. इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"हो बाबा, एकदम मस्त," मी म्हटलं, आणि माझा हात कानाकडे गेला.

बाबांनी तो हात हळूच खाली घेतला आणि धरून बसले.

तुमच्याकडे आहे का असं कोणी, ज्यांच्यासमोर तुमचं 'मस्त' चालत नाही?