पारूआत्यांच्या तोंडून आलेली हाक

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही दौंडचे, बौद्ध. वडील रेल्वेत होते. अंगारा, लिंबू-मिरची, कौल लावणं यातलं काहीही त्यांनी घरात शिरू दिलं नाही. पुढे मी नर्स झाले, मरणं जवळून पाहिली... मेलेल्या एकाही माणसानं परत येऊन मला त्रास दिलेला नाही. दिला तो जिवंत नातेवाईकांनी! त्यामुळे खाली 'ताई, तुमच्यावर कृपा आहे' असलं काही लिहू नका. वाचा, आणि जमलं तर उत्तर द्या.

मी शिरूरला एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात आहे. बायकांचा वॉर्ड एकच, त्यामुळे बाळंतीण आणि पॅरालिसिसची म्हातारी शेजारी-शेजारी असतात. त्या आठवड्यात खिडकीकडच्या बेडवर वडगाव रासाईच्या पारूआत्या होत्या. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. तोंडातून 'ता... ता...' एवढंच यायचं. पाणी हवं तरी ता, दुखलं तरी ता. मुलगा दत्तू रांजणगावला कंपनीत. शिफ्ट सुटली की गणवेशातच यायचा आणि आईचे पाय चोळत बसायचा.

शेजारच्या बेडवर नसरीन. पहिलंच बाळंतपण, सकाळी सिझर झालेलं. बाळ मुलगी, गोरीपान, गुटगुटीत. सासू अम्मी येईल-जाईल त्याला पेढा देत होत्या.

दुपारचा राऊंड मी नुकताच संपवला होता. मशीनवर नसरीनचं बीपी ठीक होतं, पॅडवर जास्त रक्त नव्हतं. नाडी थोडी वाढलेली, पण सिझरनंतर दुखतं, वाढते. ती एवढंच म्हणाली, "सिस्टर, सारखी तहान लागतीय." मी ओठांना ओला बोळा लावला आणि पारूआत्यांची चादर बदलायला वळले.

त्यांना कुशीवर घेत होते, माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ होता. आणि त्या बोलल्या. स्वच्छ.

"ए दाऊंड... हात लाव. मशीन नंतर बग."

माझ्या हातातून चादर सुटली.

तुम्हाला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. पुण्यात ट्रेनिंगला असताना आमच्या थॉमस सिस्टर होत्या, केरळच्या. आमच्या बॅचला माझ्यासारख्या संगीता खूप, म्हणून त्या गावावरून हाका मारायच्या. मी 'दाऊंड'. शेवटपर्यंत त्यांना दौंड म्हणता आलं नाही. आणि पेशंटकडे न बघता कुणी मॉनिटरकडे बघत बसलं की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या – हात लाव, मशीन नंतर बग! करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या.

वडगाव रासाईची म्हातारी. एरवी 'ता'च्या पुढे न जाणारी. आणि तो मल्याळी हेल!

घाबरायला वेळ नव्हता. हात आपोआप नसरीनकडे गेला. कपाळ गार, घामानं चिकट. तळवेही गार. नाडी बोटाखाली सुतासारखी लागत होती आणि पळत होती. पोटाला हात लावला तर ताठ, नसरीन कळवळली. खालच्या पापणीत रक्ताचा रंगच नाही. बीपी पुन्हा घेतलं – चांगलंच उतरलेलं. बाहेर काही दिसत नव्हतं, म्हणजे रक्त आत चाललं होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते जेवायला बसले होते. "सर, नसरीन आत ब्लीड होतीय. बीपी पडलंय, पोट ताठ आहे. लगेच या."

"आलोच. सलाईन फुल सोडा, ब्लड सांगून ठेवा, ऑपरेशन थिएटर उघडा," म्हणाले आणि फोन ठेवला.

अम्मी बेडच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "अभी तो अच्छी थी ना, सिस्टर?"

"अम्मी, आता तुम्ही बाळाला घ्या आणि बाजूला व्हा. रडायचं नंतर."

तिला पुन्हा थिएटरात घेतलं. आत एक रक्तवाहिनी सुटली होती. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता ना संगीताताई, तर हाताला लागली नसती." नसरीन वाचली. बाळाला तिच्या छातीशी लावलं तेव्हा अम्मींनी मला मिठी मारली आणि हळूच विचारलं, "वो बुढ्ढी आपको दाऊंड क्यूं बोली?"

म्हणजे मला भास झाला असं म्हणायची सोय नाही. त्यांनीही ऐकलं होतं.

मी म्हटलं, "पॅरालिसिसमध्ये कधी कधी तुटक शब्द येतात."

पण गोष्ट वॉर्डाबाहेर पडलीच. दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गर्दी! मुकी म्हातारी बोलली, बाळंतीण वाचवली, अंगात आलंय तिच्या... कुणी नारळ आणलेला, कुणी हळदी-कुंकू. एक मामा तर मुलाच्या लग्नाचं विचारायला आलेले. मी दार अडवून उभी राहिले.

"आत पेशंट आहे, देवी नाही. परत जा."

"आवं सिस्टर, निस्तं पाया पडून जातो," मामा म्हणाले. "तुमचं काय जातंय?"

"तिला अर्धांग झालंय मामा. तिला घासभर पातळ भात गिळायला किती वेळ लागतो, बघितलंय? तुम्ही ओटी भराल, निघून जाल. तिच्या पाठीला जखम झाली तर धुवायला येणार का तुम्ही?"

"बाई लई शानी हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय, हाय!" मी म्हटलं.

दत्तू तेवढ्यात आला. मला वाटलं, आता हाही पाघळणार. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "माझी आई हाय ती," एवढंच बोलला. हळूहळू जिना रिकामा झाला. जाताना एकीनं नारळ पायरीवर फोडलाच. तो मी कुणालाही खाऊ दिला नाही, कचऱ्यात टाकला. तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या.

थॉमस सिस्टरांचं मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गर्दी हललीच नसती. आज पहिल्यांदा लिहितेय.

मेंदूच्या डॉक्टरांना मोघम विचारलं होतं. ते म्हणाले, वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून एखादं वाक्य अचानक सुटू शकतं. मान्य. मी दौंडची हे आत्यांच्या कानावर पडलं असेल, तेही मान्य. पण ते वाक्य? तो हेल? ते मी त्यांना विचारलंच नाही. तुम्हाला विचारतेय.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी वॉर्ड शांत होता. मी त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आत्या, दाऊंड कोण म्हणतं मला? कुणाकडून ऐकलं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. "ता..." म्हणाल्या. "ता... ता..."

मी त्यांचं तोंड पुसलं. कूस बदलायची वेळ झाली होती, ती बदलली, पाठीशी उशी लावली, आणि पुढच्या बेडकडे गेले.