पट्ट्याचं रिलीज की अंगठ्याचं?

तिरंदाजी कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज उन्हात उभी राहून पाय भरून आलेत, तरी लिहितेय.

कारखान्यात मशीनमध्ये माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. तरी ते तळव्यावर धनुष्य पेलतात. धनुष्याची दोरी ओढून सोडायचं छोटं यंत्र, म्हणजे रिलीज, निवडायला आज आम्ही हातकणंगल्याहून कोल्हापूरला गेलतो.

उजव्या मनगटाला पट्ट्यानं बांधायच्या रिलीजनं बाण मधोमध लागले, पण त्याचं बक्कल दर वेळी मीच लावत होते. मुठीत धरून अंगठ्यानं दाबायच्या रिलीजनं बाण भरकटले. यांनी तेच घेतलं.

"अहो, पट्ट्याचं चांगलं लागतंय की!"

"ह्येबी लागंल. तुला बांधायला लावायचं न्हाय, एवढं बास."

वर्षभर यांच्या शर्टाची बटणं लावून मी थकलेय. मला हलकं वाटायला हवं होतं. मग परतताना बसमध्ये रडू का आलं?