पागोट्याचा वारस

आबांच्या तेरवीला मामांनी दादाला पागोटं बांधलं, तेव्हा मी माजघरातून डोळे भरून बघत होते. दादा विलायतेत डॉक्टर होता. एवढ्या लांबून आला, साखरखेर्ड्याच्या चार लोकांसमोर घराचा कर्ता झाला. मला हत्तीचं बळ आलं.

नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते. आबांनी सगळी जमीन स्वतःच्या हिमतीवर घेतलेली. विहिरीचं वावर त्यांनी माझ्या नावे लिहून ठेवलं होतं. कोरडवाहू जमीन आणि बाजारातली माडी दादाला. त्या वावरातल्या गहू-मिरचीवर माझं म्हातारपण निघणार होतं.

दादा परत निघाला तेव्हा मृत्युकराचा विषय निघाला. पागोटं नीट घडी करून त्यानं माझ्या पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "मी तं आता तिकडचा. हा कर इथल्या वारसायलेच भरा लागते."

एवढा शिकलेला भाऊ. मी कशाला शंका घेऊ? कर सगळ्या मिळकतीचा आला, तो मी एकटीनं भरला. त्यापायी वावर विकलं. माझ्या विहिरीवर दुसऱ्याची मोट चालू लागली. मी तो रस्ताच सोडला.

कर भरल्याचा कागद घ्यायला बुलढाण्याला आबांच्या वकिलांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हा कर मेलेल्या माणसाच्या मिळकतीवर असतो. वारस इथं राहो की विलायतेत, ज्याच्या वाट्याला जेवढं आलं तेवढा भार त्याचा. मी म्हटलं, दादाला ठाऊक नसेल.

वकील म्हणाले, "बाई, तेरवी झाल्यावर ते इथं येऊन हेच विचारून गेले. मी त्यांना सगळं समजावलं होतं."

परतीच्या एस.टी.त मी रडले नाही. नुसती जळत होते. परक्यानं लुबाडलं असतं तर गावभर बोंब मारली असती. इथं केसानं गळा कापला होता, आणि तोही सख्ख्या भावानं.

वर्षश्राद्धाला दादा आला. माडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, म्हणूनही आला असेल. मी स्वयंपाक केला, पाट मांडला. भटजी आले. पानावर बसण्याआधी दादानं पागोटं मागितलं.

मी पेटीवर बसले होते. उठले नाही.

"ते इथल्या वारसाचं हाय, दादा," मी म्हटलं. "तू तं तिकडचा."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. दादा बोडक्यानंच पानावर बसला.