अठ्ठावीस मोकळी घरं

मागच्या पडवीत मी गिरणीला न्यायचं भात मोजत होते. सतरावी पायली टाकली आणि घरात फोन वाजला. हॉस्पिटलातून ह्यांचा होता. "ताई गेली," एवढंच म्हणाले. फोन ठेवून परत पडवीत आले, पायली हातात घेतली, तर सतरा झाल्या की अठरा ते आठवेना. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून भात मीच मोजते. आकडा पहिल्यांदाच विसरले.

वन्स म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सुलभाताई. लग्न केलं नाही, सगळी नोकरी मुंबईत केली. निवृत्त झाल्यावर आचऱ्याला कायमच्या आल्या त्या टेम्पोतून. दोन ट्रंका आणि माणसाएवढी एक काळी पेटी. शेजारची काकी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून ओरडली, "गो सुलभा, कपाट हाडलंस काय नवरो?" वन्स म्हणाल्या, "नवरोच. पन मी सांगतंय तेवाच बोलता!" पेटीत चेलो होता. व्हायोलिनसारखाच, पण केवढा तरी मोठा. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून, गजाने वाजवायचा. पन्नाशी उलटल्यावर त्या हौसेने शिकल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी वाजवला तेव्हा गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

गोव्यात हौशी लोकांचा एक ऑर्केस्ट्रा आहे, त्यात त्यांना घेतलं. दर रविवारी ती पेटी घेऊन कणकवलीहून गाडी धरायच्या. ह्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या कार्यक्रमात वाजवायचं होतं. एके ठिकाणी चेलोने अठ्ठावीस घरं गप्प बसायचं, आणि मग एकट्यानेच सुरू करायचं. घरं म्हणजे कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले खण, एकेका घरात चार ठोके. वन्स दर वेळी एक घर आधी सुरू करायच्या. शेवटी ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी सांगितलं, पुढच्या रविवारीही चुकलात तर ती जागा दुसऱ्या वाद्याला देऊ.

त्या दिवशी वन्स जेवल्या नाहीत. कढी निवत गेली. "बाकीचे वाजवतत तां इतक्या बरां लागता गो वयनी... मी आयकत ऱ्हवतंय आणि मोजूचां इसारतंय."

मी चौथी शिकलेली, त्यांना काय सांगणार? पण तोंडातून गेलं, "वन्स, भात कसां मोजतत, आठावता?" भात मोजताना पुढची पायली भरेपर्यंत आधीचा आकडा तोंडात घोळवत ठेवायचा. पाच, पाच, पाच... मग सहा. म्हणजे कोणी हाक मारली तरी चुकत नाही. आणि पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. वन्सांचे डोळे चमकले. लहानपणी त्यांनी हे ऐकलं होतं. एका घरात चार ठोके, म्हणून त्या एकेक आकडा चारदा म्हणू लागल्या. आठवडाभर दार लोटून सराव केला. आत जायचा मला संकोच वाटे.

रविवारी परत आल्या त्या चपला भिरकावतच. "वयनी, तुझ्या लाभान माका बुडवल्यान!" ह्या वेळी एक घर उशीर झाला होता. लाभ देवाचा, तो मोजणीत नाही असं समजून त्यांनी लाभानंतर पुन्हा एकपासून धरलं होतं. मी एरवी त्यांच्यापुढे मान वर करत नसे, पण तेव्हा ओरडलेच, "लाभ म्हंजेच एक, वन्स! पयली पायली काय कावळ्यांका घालतास?" त्या मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि उठून मास्तरांना फोन लावला. शेवटच्या तालमीपर्यंत मुदत मिळाली. त्यानंतर रोज मी त्यांच्यासमोर बसून मोजलं, आणि तालमीत त्या चुकल्या नाहीत.

कार्यक्रमाला मला घेऊन गेल्या. एवढे लोक, सगळे सुटाबुटात; मी मागच्या ओळीत अंग चोरून बसले. ती जागा आली तेव्हा लांबूनसुद्धा मला वन्सांचे ओठ दिसले. लाभ, लाभ, लाभ, लाभ... मीही पदराखाली बोटांची पेरं मोजत होते. सत्तावीस. अठ्ठावीस. त्यांनी गज उचलला, आणि एकट्या चेलोचा आवाज हॉलभर पसरला. नेमका. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, मी रडत होते.

येताना गाडीत हळूच म्हणाल्या, "पयली पायली खंय गेली गो?"

"कणगीत," मी म्हटलं.

त्यानंतर दोन महिन्यांत हृदयाचं निमित्त झालं.

ते भात तसंच पडून होतं. दिवसवार झाल्यावर, परवा, मी पहिल्यापासून मोजायला बसले. चेलो कोपऱ्यात पेटीत उभा. "आज एक आकडो चार-चार येळा कित्याक गो?" हे म्हणाले, तेव्हा माझं मला कळलं. अठ्ठावीस झाल्या आणि हात आपोआप थांबला. पायली अर्धवट उचललेली... मी कोपऱ्याकडे बघत राहिले. ह्यांनीही घाई केली नाही.

मग एकोणतिसावी भरली.